लांब ओळीचं गाणं

“ठरवायची चार गाणी, आणि घरभर पंचायत बसवलीय या माणसानं,” वहिनी आत्याच्या कानाशी पुटपुटल्या. “कप विसळायच्या वेळी मात्र पंचायतीतलं एक माणूस उठायचं नाही.”

आत्याला हसू आलं, पण तोंडात टाचण्या होत्या. गुडघ्यांवर बसून ती धाकटीच्या लग्नाच्या पोशाखाची खालची पट्टी उचलत होती. धाकटी स्टुलावर उभी होती. वहिनींनी कापडाचं एक टोक हातात धरलं होतं. ते धरायची गरज केव्हाच संपली होती; पण सोडलं असतं तर खोलीच्या मध्यभागी जाऊन बसावं लागलं असतं, आणि तिथे मास्तर बसले होते, वहिनींचे यजमान आणि आत्याचे दादा.

टाचण्या तोंडात धरायची सवय शिवणकामातली. पण हल्ली आत्या त्या जरा जास्तच वेळ धरून ठेवायला लागली होती. तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कोणी मत विचारत नाही.

लग्न परवावर आलं होतं. हॉल ठरला होता, खुर्च्या ठरल्या होत्या, फुलवाला दोनदा भांडून गेला होता. राहिली होती फक्त गाणी, आणि या घरात गाणी राहावीत याचं बाहेरच्या कुणालाही नवल वाटलं असतं. मास्तरांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नांत सॅक्सोफोन वाजवला होता. हॉलवाले आधी मास्तरांना विचारायचे आणि मग तारीख द्यायचे, असेही दिवस होते. आता स्वतःच्या मुलीचं लग्न. दारापासून मंचापर्यंत ती चालत येईल तेव्हा आपणच वाजवणार, हे मास्तरांनी ती शाळेत असल्यापासून सांगून ठेवलेलं. समोर कोण असणार होतं? त्यांच्या बँडमधले जुने सगळे, आणि ज्यांच्या-ज्यांच्या लग्नांत त्यांनी वाजवलं ती अर्धी वस्ती.

“तर आत येतानाचं,” मास्तर म्हणाले. दिवाणावर सॅक्सोफोनची पेटी उघडी होती आणि ते फडक्यानं नळीवरचा, नसलेला डाग पुसत होते. “बाकीची तुम्ही ठरवा. जेवताना काय वाजतं ते कोणी ऐकत नाही. पण आत येतानाचं मी सांगणार.”

“बाबा, दुधवाल्याचं घेऊ या की!” थोरला घाईनं म्हणाला. तो समारंभांना स्पीकर भाड्यानं देत असे, त्यामुळे त्याचं साधं बोलणंही मागच्या रांगेपर्यंत जायचं. “उडतं आहे. लोक खूश होतील.”

या घरात गाण्यांना त्यांची खरी नावं कधीच नव्हती. दुधवाला शीळ घालायचा ते दुधवाल्याचं. ज्याचे सूर पायऱ्यांसारखे चढतात ते जिन्याचं. मास्तर पहिल्यांदा वाजवत असताना हॉलमध्ये अंधार झाला आणि ते तसेच वाजवत राहिले, ते वीज गेलेलं. बाहेरच्या माणसाला यातलं ओ की ठो कळायचं नाही. थोरल्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा ‘वीज गेलेलं लावा’ म्हटल्यावर मेणबत्ती शोधायला उठली होती.

“दुधवाल्याचं?” मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. “नवरी सायकलवरून येणार आहे का?”

धाकटी खुदकन हसली आणि टाचणी टोचली म्हणून लगेच ओरडली.

“मग वीज गेलेलं घ्या ना,” वहिनी कापडाच्या टोकाला उद्देशून म्हणाल्या. “मला किती आवडतं ते.”

“तुला? रडगाणं म्हणतेस ना त्याला?”

“माणसाची आवड बदलते हो.”

“या वयात?”

“बाबा, जिन्याचं घ्या,” धाकटी म्हणाली. “मला पायऱ्या चढून मंचावर जायचंय. पायऱ्यांना पायऱ्या जुळतील.”

मास्तरांनी एकेकाकडे पाहिलं. त्यांची पाहायची तऱ्हा सगळ्यांना माहीत होती. बँडमध्ये कोण चुकलं हे शोधताना ते असंच, मान न हलवता, डोळ्यांनी रांग फिरायचे.

“सगळ्यांनी एकाच दुकानातून गाणी आणलेली दिसतायत,” ते म्हणाले.

आत्या आणखी खाली वाकली. तिच्याही ते ध्यानात आलं होतं. दुधवाल्याचं, वीज गेलेलं, जिन्याचं... तिन्हींच्या ओळी तोकड्या. चार सूर, थांबा. चार सूर, थांबा. थांबलं की जीभ टाळूला लावून जे काय सावरायचं ते सावरता येतं.

टाळूला काय सावरायचं, ते या घरात कोणी बोलत नसे. गेल्या वर्षी मास्तरांचे वरचे दात काढून डॉक्टरांनी कवळी दिली. जेवण जमू लागलं, बोलणं जमू लागलं, गल्लीत हसणंसुद्धा जमू लागलं. पण सॅक्सोफोनच्या काळ्या चोचीवर वरचे दात घट्ट टेकावे लागतात, आणि टेकायला दात आपले लागतात. थोडा वेळ निभतं. मग सूर लांबला की कवळी टाळू सोडते, ओठाची पकड जाते आणि वारा वाट फुटेल तिकडे पळतो. छापखानेवाल्यांच्या समारंभात भर गाण्यात तसंच झालं होतं. कुणी मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा तशी किंकाळी निघाली. पोरं हसली. मोठी माणसं खोकली. आणि सगळ्यांच्या आधी वहिनी खुर्चीतून उठून, कुणीही विचारलं नसताना, खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या, “पत्ती खराब दिसतेय!”

चोचीला बांधायची ती वेताची पातळ पत्ती. तिच्या थरथरण्यावर सगळा आवाज. ती खराब निघू शकते, निघतेच. सगळ्या घरानं तो शब्द बुडत्यासारखा धरला. तेव्हापासून जो तो मास्तरांसाठी पत्त्या आणत होता. थोरल्यानं आणल्या. आत्यानं एका गिऱ्हाइकाच्या भावाकडून मागवल्या. होणारा जावई चष्म्याच्या दुकानात होता, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या मनानं सासऱ्यांच्या आवडीची वस्तू म्हणून महागातल्या पत्त्यांची डबी आणून पायाशी ठेवली. घरात एखाद्या दिवशी मीठ संपत असेल, पत्त्या संपत नव्हत्या. आणि कवळीला सगळे ‘ते’ म्हणत. “ते धुतलं का?” “ते काढून ठेवलं का?” जणू घरात कुणी परका पाहुणा येऊन राहिला होता.

“मी लांब ओळीचं वाजवणार,” मास्तर म्हणाले.

धाकटी स्टुलावरून खाली उतरली.

लांब ओळीचं म्हणजे मास्तरांचं गाणं. त्यातली मधली ओळ सुरू होते ती कुठे टेकतच नाही. दुसरे वाजवणारे मध्ये चोरून श्वास घ्यायचे. मास्तर घेत नसत. ती ओळ संपेपर्यंत हॉलमधली माणसं आपलाही श्वास धरून बसायची आणि संपली की सगळी मिळून सोडायची. ‘बायकोनं भांडणात एवढा दम धरला असता तर?’ असं मास्तर त्यावर म्हणायचे, आणि वहिनी, ‘धरलाय म्हणूनच संसार झाला,’ असं.

आज वहिनी कापडाचं टोक सोडून रिकामे कप गोळा करू लागल्या.

“आत्या, मोठी कात्री कुठेय गं?” थोरल्यानं विचारलं.

“टेबलावर,” मास्तर म्हणाले. “तुझ्या हाताखाली.”

“ती नाही. आतली.”

आतली कात्री म्हणून काही नव्हतं. तरी आत्या उठली, टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि त्याच्या मागून स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ वहिनीही आल्या, रिकामे कप घेऊन.

“माझ्याकडे त्याचं रेकॉर्डिंग आहे,” थोरला आवाज दाबून म्हणाला. त्याच्या बाबतीत आवाज दाबणं म्हणजे इतरांसारखं बोलणं. “जुनं. त्या मोठ्या हॉलमधलं. साफ केलंय मी, ऐकशील तर थक्क होशील. बाबांनी नुसतं धरायचं, बोटं हलवायची. मी मागून लावतो. कुणाला कळायचं नाही.”

“बँडवाल्यांना?” आत्या म्हणाली.

“त्यांना कळलं तरी बोलणार नाहीत.”

“म्हणजे आपल्यासारखेच.”

“आत्या, मग काय हसू होऊ द्यायचं त्यांचं? त्या हॉलमध्ये? त्या माणसांसमोर?”

वहिनींनी नळ मोठा सोडला. “वाईट नाही तसं,” त्या कपाकडे बघत म्हणाल्या. “निदान आवाज त्यांचाच असेल. परका तर नाही. पण नुसतं तोंडाला लावून उभं राहायचं, हे त्यांना सांगणार कोण?”

दोघांनीही आत्याकडे पाहिलं.

“अरे वा,” आत्या म्हणाली. “म्हणून कात्री होय!”

“तुझं ऐकतात ते,” थोरला म्हणाला. “मी सांगितलं तर म्हणतील, चार स्पीकर घेतले आणि बापालाच बंद करायला निघाला.”

“आणि मी सांगितलं तर, तुला त्यातलं काय कळतं, म्हणतील,” वहिनी म्हणाल्या. “खोटं नाही ते. सूर-बीर मला कळत नाही. मला त्यांचा चेहरा कळतो. वन्सं, तुम्हीच बघा. गोड करून सांगा. तुम्हाला जमतं.”

“मला काय जमतं? मी कपडे शिवते.”

“कुणीही कसलंही खोटं उभं करायचं नाहीये.” धाकटी दारात होती. एक बाही पूर्ण, दुसरी नुसत्या टाचण्यांवर; तो हात तिनं पंख मोडल्यासारखा बाजूला धरला होता. “मला सगळं ऐकू आलंय, दादा. तुझी कुजबुज रस्त्यावर ऐकू जाते. माझ्या लग्नात बाबा वाजवायचं नाटक करणार आणि मी त्यांच्याकडे बघत चालत जाणार? मला पाऊल उचलेल का?”

“मग तू सांग त्यांना.”

“मी कशी सांगू? त्यांना वाटेल, मला त्यांची लाज वाटते.” तिचे डोळे भरून आले. “वाटते का मला? नाही ना? मला फक्त कोणी हसायला नकोय.”

“रडू नकोस, कापडावर डाग पडेल,” आत्या म्हणाली आणि तिच्या काखेतली शिवण बोटांनी चाचपू लागली. हात कशात तरी गुंतलेला बरा. “घट्ट होतंय का? आत माया ठेवलीय मी. लागली तर सोडता येईल.”

शिवणीच्या आत वाकून राहिलेलं ते जास्तीचं कापड. माणूस भरलं, सुटलं, दिवस गेले, तरी कपडा पुन्हा बेतता येतो तो त्या मायेवर. तिच्या दादाच्या, मास्तरांच्या गाण्यात ती नव्हती. ते त्यानं मापाला मापच बेतलं होतं, जवानीच्या मापाला, आणि आता कुठूनही अर्धं बोट सोडायची सोय नव्हती.

“आणि तुझी काय अडचण?” थोरल्यानं विचारलं.

आत्या शिवण चाचपत राहिली. ती या घरात शिलाई मशीन घेऊन परत आली त्या दिवशी मास्तरांनी काही विचारलं नव्हतं. का आलीस नाही, किती दिवस नाही. फक्त स्वतःची रियाजाची जागा खिडकीतून उचलली आणि म्हणाले, “शिवायला उजेड लागतो. फुंकायला काय, कोपराही चालतो.” त्या खिडकीत बसून तिनं आपलं सगळं पुन्हा उभं केलं. ज्यानं तिला एक शब्द विचारला नाही, त्यालाच हा शब्द आपण ऐकवायचा?

“माझी काही अडचण नाही,” ती म्हणाली. “मला फक्त भीती वाटते.”

पुढच्या खोलीतून आवाज आला. गाण्याचा नव्हे, जोडणीचा. नळीत नळी बसल्याचा, पेटीचं झाकण भिंतीला टेकल्याचा. वहिनींनी नळ बंद केला. पुढच्या क्षणी चौघंही पुढच्या खोलीत होती. दारातून आधी कोण जाणार याची थोडी धक्काबुक्कीसुद्धा झाली.

मास्तर उभे होते. गळ्यात पट्टा, तोंडात पत्ती, भिजवायला धरलेली. ती काढून ते म्हणाले, “आत उपसमिती नेमली वाटतं! या. मतं पुरे झाली. वाजवूनच बघू.”

“आत्ता कशाला?” वहिनी म्हणाल्या. “दम राखून ठेवा ना परवासाठी.”

“दम काय बरणीत राहतो?”

त्यांनी पत्ती चोचीला बांधली. जावयानं आणलेल्या डबीतली होती. धाकटी स्टुलाला टेकली. थोरला भिंतीशी, हाताची घडी घालून. आत्या मशीनसमोर बसली आणि उगाच चाकावर हात ठेवून राहिली.

पहिली ओळ आली, आणि क्षणभर आत्याला वाटलं, आपणच वेडी माणसं आहोत. तोच आवाज. किंचित खरखरीत, उबदार, सकाळी उठून पहिलंच बोलणाऱ्या माणसासारखा. दुसरी ओळ. धाकटीनं नकळत मान उचलली. तिच्या डोळ्यांसमोर हॉलचं दार उघडलं असावं. मग मास्तरांनी छाती भरून घेतली आणि लांब ओळ सुरू केली. ती निघाली, वळली, चढायला लागली. आत्याचाही श्वास धरला गेला. वहिनींचे ओठ घट्ट मिटले, जणू त्या आपल्या दातांनी चोच धरणार होत्या. आणि चढाच्या मध्यावर मास्तरांच्या गालात काहीतरी हललं. बारीकसा टक् आवाज झाला आणि सूर फाटला.

“पत्ती,” थोरला म्हणाला.

“पत्तीच,” वहिनी म्हणाल्या. “नव्या पत्त्या तशाच असतात. जावयांना बिचाऱ्यांना काय कळणार!”

“हो बाबा, नवीन आहे ना ती,” धाकटी म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. तोंडावर हात धरून आत जे सावरायचं ते सावरलं. पत्ती सोडली, पुसली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दुसरी घेतली, थोरल्यानं आणलेल्यातली. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिथेच, त्याच चढावर, टक्.

“हीसुद्धा?” थोरल्याचा आवाज पहिल्यांदाच खरोखर लहान झाला. “हवेत दमटपणा आहे, बाबा. त्यानं होतं.”

रस्त्यावर कोणीतरी चालता चालता थांबलं होतं. वहिनींनी जाऊन खिडकीची एक काच लावून घेतली.

तिसरी. चौथी. मास्तर घाई करत नव्हते. दर वेळी फाटलेल्या जागी थांबत, पत्ती सोडत, मऊ फडक्यानं पुसत आणि कट्ट्यावर आधीच्या पत्तीशेजारी ठेवत. नीट, टोकं एका रेषेत. घरातले आळीपाळीनं कारण पुरवत होते. दमट आहे. कोरडी आहे. फार भिजली. जाड आहे. वहिनींनी तर सरळ दुकानदारालाच शिव्या घातल्या. आत्याचेही ओठ हलले होते. तिसऱ्या वेळी ‘कापच वाकडा दिसतो’ म्हणालेली बाई तीच होती.

पाचव्या वेळी तिचं लक्ष त्यांच्या आवाजावरून हातांवर गेलं, आणि तिथेच राहिलं.

खराब पत्ती दादा ठेवत नसे. कधीच नाही. अंगठ्याखाली धरून तिथल्या तिथे मोडायचा, कट्कन, म्हणजे अंधारात, गडबडीत, चुकून पुन्हा हाताला लागायला नको. बँडच्या मागे मोडक्या पत्त्या पडलेल्या असायच्या. लहानपणी ती त्या गोळा करून बाहुलीच्या घराला कुंपण करायची.

कट्ट्यावर पाच पत्त्या होत्या आणि एकही मोडलेली नव्हती.

तिनं वर पाहिलं. मास्तर तिच्याकडेच बघत होते. केव्हापासून, कोण जाणे. कपाळावर घाम होता. वरचा ओठ आत गेला होता, त्यामुळे चेहरा एकदम त्यांच्या आईसारखा दिसत होता. रागावलेले नव्हते, लाजलेले नव्हते. परक्या गावात रस्ता चुकलेला माणूस ज्या तऱ्हेनं दुकानदाराकडे बघतो, तसे बघत होते.

“आता?” त्यांनी विचारलं.

बाकी कोणाला तो प्रश्न कळला नाही. तो शब्द त्या दोघांचा होता. दादा नुकता वाजवायला शिकत होता आणि ती इतकी लहान की पांघरुणात बुडून जायची. त्याचा सूर उतरला की ती पांघरुणातूनच ओरडायची, “दादा, पडलास!” तो चिडत नसे. पुन्हा फुंकायचा आणि विचारायचा, “आता?” तिनं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय तो पुढे जात नसे. त्याला पुढे मोठमोठे उस्ताद भेटले, वाहवा मिळाली. पण खरं कान धरून सांगणारं माणूस ते एकच. आणि गेलं वर्षभर त्या माणसानं त्याला पत्त्या आणून दिल्या होत्या.

“आता काय, आता पुरे,” वहिनी घाईनं म्हणाल्या. “चहा टाकते मी. वन्सं, तुम्ही बाही पुरी करा ना.” त्यांचे डोळे मात्र विनवत होते, नका हो, आज नका.

“आत्या,” धाकटी म्हणाली. नुसतंच.

“थांबा गं सगळ्या,” मास्तर म्हणाले. “मी हिला विचारलंय.”

आत्या मशीनवरून उठली. कट्ट्याशी जाऊन तिनं शेवटची पत्ती उचलली आणि उजेडात धरली. पातळ, स्वच्छ, कडेला सारखी उतरत गेलेली. तिच्यातून खिडकीबाहेरचा उजेड पिवळा होऊन येत होता.

“पत्ती...” ती म्हणाली, आणि तिच्या मागे तिघांचे श्वास सुटल्याचं तिला ऐकू आलं.

तिनं पत्ती त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांनी मिटला.

“पत्ती चांगली आहे, दादा. सगळ्याच चांगल्या आहेत. तुलाच आता ते वाजवता येत नाही.”